यूव्हीबीचा दिवा चालू आहे, तरी इग्वाना पुन्हा पुन्हा का लंगडतो?

हाडं मऊ पडण्याच्या या दुखण्याची तक्रार बहुतेक वेळा एकाच वळणाची असते. इग्वाना, म्हणजे मोठा पाळीव सरडा, पाय ओढत चालायला लागला, बोटं थरथरू लागली, खालचा जबडा दाबला तर मऊ लागला. कधी इग्वानाच्या जागी बिअर्डेड ड्रॅगन हा दुसरा सरडा असतो, कधी लाल कानांचं कासव, ज्याची पाठच मऊ पडलेली असते. डॉक्टरांनी कॅल्शियम सुरू केलं, घरच्यांनी महागातला नवा यूव्हीबी बल्ब आणला, महिन्याभरात जनावर टुणटुणीत झालं. (यूव्हीबी म्हणजे उन्हातला एक अतिनील प्रकाश. त्याने कातडीत डी३ जीवनसत्त्व बनतं, आणि डी३मुळे खाण्यातलं कॅल्शियम अंगी लागतं.) मग काही महिने बरे गेले आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आता प्रश्न असा येतो की या वेळी कुठला बल्ब घेऊ, पाच टक्क्यांचा की दहा टक्क्यांचा?

सध्या कुठलाच घेऊ नका. मागच्या वेळी जनावर बल्बमुळे सुधारलं असं तुम्हाला वाटतंय, पण त्याच दिवसांत कॅल्शियमही चालू होतं. सुधारणा त्याची असू शकते, बल्बची नसेलही. दुखणं उलटलं याचा अर्थ प्लगपासून जनावराच्या कातडीपर्यंतच्या वाटेत यूव्हीबी कुठेतरी गळतंय, आणि तिसरा बल्ब त्याच जागी टांगला तर तोही तिथेच गळेल. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

जनावर उभंच राहत नसेल, झटके येत असतील, जबडा मिटत नसेल किंवा पाय सुजून टणक झाले असतील, तर पुढचं वाचणं नंतर. आधी डॉक्टर. दिव्याची जागा बदलून आजचं दुखणं आज बरं होत नसतं, त्याला आठवडे लागतात.

दुखणं वर्षातल्या कोणत्या महिन्यात उलटतं?

मुंबईत हे सगळ्यात आधी विचारावं, कारण इथला पाऊसच अर्धा उलगडा करून देतो. मार्च ते मे लोक जनावराला गच्चीवर नाहीतर गॅलरीत नेऊन ऊन दाखवतात. जूनमध्ये पाऊस धरला की ते बंद होतं आणि दसऱ्यापर्यंत सुरू होत नाही. अंगातलं डी३ काही एका दिवसात संपत नाही, हळूहळू ओसरतं. त्यामुळे गणपती ते नवरात्र या काळात थरथर सुरू झाली असेल आणि मागच्या वर्षीही साधारण तेव्हाच झाली असेल, तर तुमचा दिवा बहुधा वर्षभर काहीच करत नव्हता. जनावर उन्हावर तगून होतं.

दुसरा प्रकार म्हणजे ऋतूशी काही संबंध नाही, पण नवा दिवा लावल्यावर सातेक महिन्यांनी हमखास त्रास. इथे दिवा सुरुवातीला काम करतो, पण वठतो. ट्यूबच्या आतला लेप झिजतो, यूव्हीबी घटतं, उजेड मात्र तसाच दिसत राहतो. पिळाच्या कॉम्पॅक्ट बल्बला आणि जुन्या जाड टी८ ट्यूबला सहा महिने धरावेत, बारीक टी५ ट्यूबला वर्ष. ट्यूबच्या टोकाला मार्करने तारीख लिहून ठेवा.

तिसरा प्रकार, औषध थांबताच दोन-तीन आठवड्यांत पुन्हा ढासळणं. यात यूव्हीबी जवळजवळ शून्य असतं, नाहीतर खाण्यात कॅल्शियमच नसतं, नाहीतर मूत्रपिंडाचं काहीतरी असतं. हे सगळे ठोकताळे आहेत, पण तपासायला सुरुवात कुठून करायची हे त्यांवरून कळतं.

तो दिवा यूव्हीबीचाच आहे ना?

हसू नका, बऱ्याचदा नसतो. यूव्हीबी म्हणजे २८० ते ३१५ नॅनोमीटरमधला प्रकाश, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. जांभळा-निळा उजेड पडतो म्हणून लोक दिव्याला यूव्ही समजतात. नोटा तपासायचा दिवा, डास मारायच्या यंत्रातली नळी, पार्टीतला ब्लॅकलाइट हे सगळे यूव्हीएचे, म्हणजे यूव्हीबीहून सौम्य अतिनील प्रकाशाचे. त्यांनी डी३ तयार होत नाही. "फुल स्पेक्ट्रम" किंवा "डेलाइट" लिहिलेले एलईडी बल्ब झाडांना चालतील, सरड्याला यूव्हीबी देणार नाहीत. आणि पाणी शुद्ध करायच्या यंत्रातली, किंवा करोनाच्या काळात खोल्या निर्जंतुक करायला घेतलेली यूव्ही ट्यूब पिंजऱ्याच्या आसपासही आणू नका. ती २५४ नॅनोमीटरची, जंतू मारायची यूव्हीसी. तिने जनावराचे डोळे आणि कातडी जळते, तुमचेही डोळे सुजतात.

खऱ्या दिव्याच्या खोक्यावर ५.० किंवा १०.० नाहीतर ६ टक्के, १२ टक्के असं काहीतरी लिहिलेलं असतं. हा आकडा त्या दिव्याच्या प्रकाशात यूव्हीबीचा वाटा किती एवढंच सांगतो. एकूण किती, ते नाही. तेरा वॅटचा १०.० कॉम्पॅक्ट आणि चोवीस वॅटची १०.० टी५ ट्यूब हे एका तोलाचे नव्हेत. कॉम्पॅक्टचा झोत आखूड आणि अरुंद, त्याच्या समोरची वीतभर जागा सोडली की फारसं काही उरत नाही. चार फुटांच्या पिंजऱ्यात एका कोपऱ्यात कॉम्पॅक्ट लावून इग्वाना वाढवता येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. दुकानदार तो देतात कारण तो साध्या होल्डरमध्ये बसतो आणि स्वस्त पडतो. यूव्हीबी देणारे एलईडीही आता निघालेत. मी तूर्त ट्यूबच घ्या म्हणेन.

मोठा, गरमही होणारा मर्क्युरी व्हेपर बल्ब वेगळा. अमेरिकेतून भाच्याने आणलेला असेल तर त्यावरचा व्होल्टेज वाचा. १२० व्होल्टचा बल्ब आपल्या २३० व्होल्टवर लावला की गेला. तो चालू असताना वीज क्षणभर जाऊन आली तर निवल्याशिवाय पुन्हा पेटत नाही, म्हणजे बिघडलेला नसतो. त्याला डिमर किंवा थर्मोस्टॅटही जोडू नये.

पट्टी आणि चोक: इथे फार जण फसतात

टी५ एचओ ट्यूब, म्हणजे जास्त ताकदीची बारीक ट्यूब, आणली. ती कशात बसवली? चोवीस वॅटची एचओ ट्यूब ५४९ मिलिमीटर लांब असते. घरगुती चौदा वॅटची टी५ ट्यूबही नेमकी तेवढीच. ५४ वॅटची एचओ आणि आपल्याकडच्या जुन्या ऑफिसांतली अठ्ठावीस वॅटची, या दोन्ही ११४९ मिलिमीटरच्या. पिना सारख्या, जाडी सारखी, त्यामुळे एचओ ट्यूब साध्या पट्टीत, म्हणजे घरगुती ट्यूबच्या फिटिंगमध्ये, बिनतक्रार बसते, पेटतेही. पण चोक चौदा किंवा अठ्ठावीस वॅटचा असल्याने तिला निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी करंट मिळतो. खोक्यावरचे अंतराचे आकडे पूर्ण ताकदीच्या ट्यूबचे असतात, ते इथे लागू पडत नाहीत. असा घोळ बल्ब बदलून कधीच सुटत नाही, कारण प्रत्येक नवी ट्यूब त्याच पट्टीत जाते.

पट्टी उतरवून चोकवरचा छापील मजकूर वाचा. तिथे ट्यूबचाच वॅट आणि शक्यतो एचओ असं असायला हवं. नसेल तर लोहार चाळीतल्या विजेच्या सामानाच्या बाजारात जाऊन "टी५ एचओ, चोवीस वॅटचा इलेक्ट्रॉनिक चोक" असं नेमकं मागा आणि सोबत जुनी ट्यूब न्या. नुसतं टी५ म्हणालात तर तुमच्या हातात एलईडीची पट्टी पडेल, कारण आता सगळे तीच नेतात, आणि तिच्यात ट्यूब बसतच नाही. दुसरा सोपा मार्ग माशांच्या दुकानाचा. पाणवनस्पतींसाठी टी५ एचओच्या तयार पट्ट्या असतात, मागे चकचकीत पत्राही असतो. फक्त त्यांच्या तोंडाला पाणी उडू नये म्हणून लावलेली पारदर्शक झाकणी काढून टाका. ती बहुधा ॲक्रिलिकची असते आणि यूव्हीबी अडवते. झाकणी काढल्यावर पट्टी पाण्यापासून लांब राहील अशी पक्की टांगा. कासवाच्या टाकीवर तर दोनदा बघा.

चकचकीत पत्र्याचं महत्त्व लोक कमी समजतात. ट्यूबचा वरच्या बाजूला जाणारा प्रकाश तो खाली वळवतो. पांढरा रंग दिलेल्या साध्या पट्टीपेक्षा पॉलिश केलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याने खालच्या यूव्हीबीत चांगलाच फरक पडतो.

ट्यूब आणि जनावर यांच्यामध्ये काय आहे?

काच असेल तर विषयच संपला. साधी काच जवळजवळ सगळं यूव्हीबी गिळते. पॉलिकार्बोनेटचा पत्राही तसाच. जाळी थोडं जाऊ देते, पण किती हे जाळीच्या विणीवर ठरतं. बारीक विणीची जाळी तीस ते पन्नास टक्के अडवू शकते. मुंबईच्या दमट हवेत जाळीवर धूळ चिकटून बसते, खारं वारं लागतं, गंज चढतो, आणि उरलीसुरली भोकंही बुजतात. ट्यूबवरही धुळीचा थर बसतो. दिवा बंद करून, गार झाल्यावर ओल्या फडक्याने पुसा. पुसून झाल्यावर फडका बघा, मग नवा बल्ब आणायची घाई आपोआप कमी होईल.

जमत असेल तर ट्यूब जाळीच्या आत घ्या. अट एकच, जनावर चढून तिला चिकटता कामा नये. इग्वाना चढतोच, म्हणून ट्यूबला मोठ्या भोकांच्या तारेचा पिंजरा करावा लागतो.

आता अंतर. बिअर्डेड ड्रॅगनसाठी १२ टक्क्यांची टी५ एचओ ट्यूब, मागे चकचकीत पत्रा, मध्ये जाळी नाही, अशा मांडणीत पाठ आणि ट्यूब यांच्यात साधारण बारा ते पंधरा इंच. जाळी असेल तर त्याहून जवळ. टी८ असेल तर सहा-आठ इंच. हे मोजताना लोक टेप टाकीच्या तळाशी लावतात. जनावर तळाशी बसत नाही, फांदीवर किंवा दगडावर बसतं. टेप त्याच्या पाठीपासून धरा. ट्यूब टाकीच्या छतावर, दगड तळाशी आणि मध्ये दोन फूट, असं चित्र काचेच्या उंच टाक्यांमध्ये नेहमी दिसतं. तिथे सगळ्यात स्वस्त दुरुस्ती म्हणजे खाली आणखी दोन दगड रचणं.

एक मांडणी मात्र अंतर बरोबर असूनही फसते. गरम करायचा बल्ब टाकीच्या एका टोकाला आणि यूव्हीबी दुसऱ्या टोकाला. दुकानातल्या चित्रात छान दिसतं, पण सरडा ऊब मिळेल तिथे जाऊन पसरतो. दिवसातला बहुतेक वेळ तो गरम बल्बखाली असतो आणि यूव्हीबीची ट्यूब रिकाम्या वाळूवर पडत राहते. दोन्ही एकाच जागेवर यायला हवेत, निसर्गात ऊब आणि यूव्हीबी एकाच सूर्यातून येतात. ट्यूब टाकीच्या निम्म्या लांबीपर्यंत तरी असावी, उरलेल्या बाजूला सावली आणि लपायला जागा.

दिवा नेहमी वरून. बाजूने, डोळ्यांच्या पातळीवर लावला की प्रकाश थेट डोळ्यांत जातो. सरड्याची भुवई वरच्या सूर्यासाठी आहे, बाजूच्या दिव्यासाठी नाही. नवा दिवा लावल्यावर दोन दिवसांत जनावर डोळे मिटून बसलं, खाईनासं झालं, तर तो आधी काढा, मग विचार करा.

खिडकीतलं ऊन

"आमच्याकडे भरपूर ऊन येतं" हे वाक्य मुंबईतल्या प्रत्येक तक्रारीत असतं. ऊन येतं, पण कोणत्या वेळचं आणि कशातून?

सरकत्या काचेतून येणारं ऊन गरम असतं, प्रखर असतं, आणि त्यात यूव्हीबी जवळपास नसतं. काच उघडून डासांची जाळी लावली असेल तर थोडं आत येतं. ग्रिलच्या बाहेर काढलेल्या बॉक्समध्ये पिंजरा ठेवला तर बरं, पण त्यावर पॉलिकार्बोनेटचा पत्रा टाकलेला नसला पाहिजे, आणि तो बहुतेकांनी टाकलेला असतो.

दुसरा घोळ वेळेचा. आपल्याकडे तान्ह्या बाळाला कोवळ्या उन्हात धरायची रीत आहे, त्यामुळे लोक इग्वानालाही सकाळी सातला उन्हात ठेवतात. कोवळ्या उन्हात यूव्हीबी फार थोडं. सूर्य खाली असतो तेव्हा त्याचा प्रकाश हवेच्या जाड थरातून तिरका येतो आणि यूव्हीबी वाटेतच गळून जातं. साधा निकष सावलीचा: तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा लांब आहे तोवर जनावराला विशेष काही मिळत नाही. एप्रिल-मे महिन्यात सावली साधारण साडेनऊच्या सुमारास उंचीएवढी होते. त्यानंतरचा तासभर कामाचा. दुपारी बारानंतर तर मुंबईत उन्हाळ्यात यूव्ही निर्देशांक, म्हणजे यूव्हीच्या जोराचा आकडा, दहाच्या वर जातो, तेवढ्याची गरज नसते आणि उष्म्याने जनावर मरू शकतं.

फ्लॅटची खरी अडचण इथेच आहे. मुंबई १९ अंश अक्षांशावर. मेच्या मध्यावर आणि जुलैच्या शेवटी इथे सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. म्हणजे उन्हाळ्यात जेव्हा उन्हात यूव्हीबी भरपूर असतं, तेव्हा ते ऊन इमारतीच्या गच्चीवर पडतं, खिडकीत शिरतच नाही. पूर्वेच्या खिडकीत येतं ते सकाळचं दुबळं, पश्चिमेच्या खिडकीत येतं ते संध्याकाळचं दुबळं. शिवाय यूव्हीबीचा मोठा भाग निळ्या आभाळातून विखरून येतो आणि खिडकीला आभाळ अर्धंच दिसतं, समोर टॉवर असेल तर तेही नाही. दक्षिणेच्या खिडकीचं मात्र डिसेंबर-जानेवारीत जमतं. तेव्हा सूर्य दुपारी पन्नास अंशांच्या आसपासच असतो आणि ऊन आत येतं. त्या दोन महिन्यांत काच उघडी ठेवून दुपारचं ऊन दाखवलं तर फायदा होतो.

फोनवरच्या हवामान ॲपमधला यूव्ही आकडा उघड्या मैदानाचा असतो, तुमच्या बाल्कनीचा नाही. फोनच्या कॅमेऱ्याने यूव्हीबी मोजता येतं असं सांगणारी ॲप्स काढून टाका.

गच्ची मिळत असेल तर सोन्याहून पिवळं. सेक्रेटरींना आधी सांगा, नाहीतर "पाचव्या मजल्यावरचे घोरपड पाळतात" अशी बातमी वॉचमनकडून सोसायटीभर होते, आणि घोरपड पाळणं हा गुन्हा असल्याने ती अफवा महागात पडते. काचेची टाकी उन्हात कधीच ठेवू नका, आतलं तापमान मिनिटांत जीवघेणं होतं. तारेचा पिंजरा, निम्म्या भागावर गोणपाट, पाण्याचं भांडं, आणि तुम्ही शेजारी. झाकणाला कडी हवीच. मुंबईच्या आकाशात घारी आणि कावळे किती आहेत हे सांगायला नको.

एसी

यूव्हीबी कातडीत शिरून जे तयार करतं ते अजून डी३ नसतं. त्याचं डी३ होतं अंगाच्या उबेने. बाहेर ३२ अंश आहे म्हणून लोक गरम बल्ब लावत नाहीत, आणि टाकी मात्र चोवीस अंशांवर एसी चालणाऱ्या बेडरूममध्ये असते. बिअर्डेड ड्रॅगनला ऊब घ्यायच्या जागी ३८ ते ४२ अंश लागतात, ग्रीन इग्वानाला ३५ ते ३८. मुंबईची हवा कितीही घामट असली तरी दगड तेवढा तापत नाही. गार जनावर अन्नही पचवत नाही, मग कॅल्शियमची पूड कितीही भुरभुरवा.

बिलाच्या भीतीने दिवा दिवसा बंद ठेवणारेही आहेत. चोवीस वॅटची ट्यूब रोज बारा तास चालली तर महिन्याला नऊ युनिटही होत नाहीत. शंभर वॅटचा गरम बल्ब छत्तीस युनिट खातो, तो दुपारी उन्हाळ्यात कमी करता येईल. ट्यूबला साधा टायमर लावून टाका आणि विसरा.

किती हवं, आणि मोजायचं कसं

गॅरी फर्ग्युसन हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली, रानातले सरडे आणि साप प्रत्यक्ष किती यूव्ही अंगावर घेतात ते मोजून चार गट पाडले. पहिल्या गटात सांजवेळी बाहेर पडणारे आणि सावलीतले, चौथ्यात भर उन्हात बसणारे. लेपर्ड गेको ही पाल आणि बॉल पायथन हा अजगर पहिल्या गटात, ग्रीन इग्वाना, बिअर्डेड ड्रॅगन, लाल कानांचं कासव तिसऱ्या. तिसऱ्या गटासाठी ऊब घ्यायच्या जागी यूव्ही निर्देशांक तीन-चारच्या आसपास मिळावा, आणि त्याच टाकीत शून्यापर्यंत सावलीही मिळावी. लेपर्ड गेकोला एकच्या आत पुरे. त्याच्यावर १२ टक्क्यांची ट्यूब जवळून मारणं हा उलटा गुन्हा.

हे मोजायला सोलारमीटर ६.५ हे यंत्र लागतं. महाग आहे, एका माणसाने घ्यावं असं नाही. तीन-चार पाळणाऱ्यांनी मिळून घ्या आणि फिरवा. बल्ब आंधळेपणाने बदलत राहण्याच्या खर्चापेक्षा ते स्वस्त पडतं. रंग बदलणारी कार्डं मिळतात, त्यांचा रंग यूव्हीएनेही बदलतो. त्यांवरून काहीतरी येतंय एवढंच कळतं, पुरेसं आहे की नाही ते नाही.

मीटर नसेल तर आतापर्यंत सांगितलेलं सगळं टेप, फडका आणि चोकवरचा छाप वाचून तपासता येतं. माझ्या पाहण्यात बहुतेक तक्रारी तिथेच सुटतात.

कॅल्शियमचं काय?

थोडक्यात, कारण हा स्वतंत्र विषय आहे. यूव्हीबी कॅल्शियम तयार करत नाही, ते आतड्यातून ओढून घ्यायला मदत करतं. खाण्यात नसेल तर ओढणार काय? इग्वानाला काकडी, टोमॅटो, कोबी आणि पालक हे रोजचं ताट चुकीचं. पालकातलं ऑक्सॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं आणि फुलं, थोडी मेथी, हे दादरच्या मंडईत रोज मिळतं. किडे खाणाऱ्यांना किड्यांवर कॅल्शियमची पूड लावून द्यावी, कारण किड्यांत फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी. कासवाला नुसता सुका जवळा घालून भागत नाही, आणि त्याला पाण्याबाहेर पूर्ण कोरडं होऊन बसायला जागा लागते. अर्धवट बुडालेला दगड ही ती जागा नव्हे.

यूव्हीबी कमी पडतंय म्हणून माणसांचं साठ हजार युनिटचं डी३चं पाकीट पाण्यात कालवून देणारे लोक आहेत. देऊ नका. कातडीत तयार होणारं डी३ शरीर स्वतः आवरतं, जास्तीचा प्रकाश पडला की ते निरुपयोगी पदार्थांत बदलतं. तोंडावाटे दिलेल्याला असा लगाम नसतो. ते साचतं, आणि कॅल्शियम हाडांऐवजी मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत बसतं.

सगळं बरोबर आहे आणि तरी उलटतंय

मग रक्त तपासा. मूत्रपिंडं थकली की फॉस्फरस साचतो आणि हाडांतून कॅल्शियम निघत राहतं. वरून चित्र तेच दिसतं, पण दिव्याचा दोष नसतो. वर्षानुवर्षं कुत्र्या-मांजराचं खाणं खाल्लेल्या इग्वानात ही शंका आधी घ्यावी. सोबत एक्स-रे काढून हाडांची घनता पाहता येते, आणि तीन महिन्यांनी तोच एक्स-रे पुन्हा काढला की दुरुस्ती लागू पडली का हे डोळ्यांनी दिसतं.

परळचं बैलघोड्याचं इस्पितळ सगळ्या मुंबईला ठाऊक आहे, पण कुठेही जायच्या आधी सरडे-कासवांचा हात असलेले डॉक्टर त्या दिवशी आहेत का हे फोनवर विचारा. कागदपत्रांचंही आधीच बघून ठेवा. स्टार कासव, घोरपड, आपल्या नद्यांतली कासवं, ही १९७२ च्या वन्यजीव कायद्याने पाळताच येत नाहीत, मग ती दुकानात कितीही उघडपणे मिळोत. ग्रीन इग्वाना साइट्स या वन्यजीवांच्या व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे, त्याची २०२४ च्या नियमांनुसार सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते.

डॉक्टरांकडे जाताना, किंवा कुणालाही हा प्रश्न विचारताना, एवढं सोबत ठेवा: ट्यूबवरच्या छापाचा फोटो, चोकवरच्या छापाचा फोटो, ट्यूब बसवल्याची तारीख, पाठ ते ट्यूब अंतर इंचांत, मध्ये काच आहे का जाळी, ऊब घ्यायच्या जागेचं तापमान, मागच्या आठवड्यात काय काय खाल्लं, आणि याआधी दुखणं कोणत्या महिन्यात उलटलं होतं. "चांगल्या कंपनीचा बल्ब आहे" यावरून कुणालाच काही सांगता येत नाही.